सव्विसाव्या मताची होडी

"मोटारबोट मिळणार नाही," मेजर दामले म्हणाले. हे त्यांनी इंग्रजीत तिसऱ्यांदा सांगितलं होतं आणि समोरचा माणूस तिसऱ्यांदा "समजलं" म्हणून तिथंच उभा होता.

सकाळचे सव्वासहा वाजले होते. माणूस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. एका हातात बूट, दुसऱ्या हातात छत्री, आणि अंगात मात्र पांढरा कोट आणि टाय. मी तंबूच्या दाराशी वायरलेसचा सेट पुसत होतो. पुसतोय कसला, कान टवकारून ऐकत होतो.

ही गोष्ट सत्तावन्न सालची, लाओस देशातल्या बान साय गावची. फ्रेंच नुकतेच गेले होते आणि मागे घरातल्या घरात भांडण लागलं होतं. राजधानीत राजाचं सरकार, आणि डोंगरात, जंगलात बंदुका घेऊन बसलेले त्यांचेच भाऊबंद. दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडू नयेत म्हणून लक्ष ठेवायला एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता. त्यात आपण, कॅनडावाले आणि पोलंडवाले. आमच्या तुकडीतल्या कॅनडावाल्याला सगळा दोष जंगलवाल्यांचा दिसे, पोलंडवाल्याला सरकारचा. मध्ये आमचे दामले मेजर, पुण्याच्या सदाशिव पेठेतले, म्हणजे दोघांशीही न पटणारे. मी हवालदार जयराम तांडेल, बिनतारी संदेशवाला, मूळचा हर्णै बंदराचा. आमच्या घराण्यात मी पहिलाच कोरड्या जमिनीवर पगार घेणारा.

चिखलातल्या माणसाला मी ओळखत होतो. त्या देशात त्याला कोण ओळखत नव्हतं! थाव सोमफेट. 'थाव' म्हणजे आपलं 'श्रीयुत'. पंचेचाळीस साली जपानी हरले आणि फ्रेंच अजून परतायचे होते, त्या मधल्या फटीत ज्यांनी "आमचा देश आता आमचा" असं जाहीर करून टाकलं त्यांच्यातले हे एक. फ्रेंच तोफा घेऊन परत आले तेव्हा ही मंडळी मेकाँग नदी ओलांडून सयाममध्ये पळाली. तिथं सोमफेट साहेबांनी तीन वर्षं सायकली दुरुस्त केल्या. माफी जाहीर झाल्यावर परत आले आणि सभेवर निवडून गेले.

"मेजर," ते म्हणाले, "आज दुपारी बारा वाजता राजधानीत मतदान आहे. जंगलातल्या लोकांना सरकारात घेऊन भांडण मिटवीन म्हणणारा माणूस पंतप्रधान व्हायचा असेल तर दोन तृतीयांश, म्हणजे सव्वीस मतं लागतात. पंचवीस आहेत. सव्विसावं तुमच्यासमोर चिखलात उभं आहे. पूल रात्री वाहून गेला, माझी जीप पलीकडे राहिली. रात्रभर चालतोय मी."

"आयोगाच्या वाहनातून कुठल्याही बाजूचा पुढारी जाऊ शकत नाही," दामले म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण नियम आहे."

कॅनडावाल्याने मान डोलावली. पोलंडवाल्यानेही डोलावली. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही असल्या कामाला.

सोमफेट साहेबांनी छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. "मग कोळ्याच्या होडीतून जातो. पाण्याला ओढ आहे. साडेअकराला पोचेन." असं म्हणून ते उतारावरून नदीकडे निघाले, बूट हातातच.

ते दिसेनासे झाले आणि माझा सेट बोलायला लागला. मी लिहून घेतलं, वाचलं आणि कागद मेजरांपुढे धरला. राजधानीतून आमच्या कचेरीचा संदेश होता. सभेचं मतदान बाराऐवजी दहा वाजता. विरोधकांनी रात्रीतून वेळ बदलून घेतली होती. पूल वाहून गेल्याची बातमी त्यांना आमच्या आधी लागली असणार.

दामले साहेबांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात घातला.

"तांडेल, हा निरोप आपल्यासाठी आहे. या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. कोणाला एक शब्द सांगायचा नाही."

"पण साहेब, तो बिचारा..."

"तांडेल."

"बरं साहेब."

मी बादली उचलली आणि पाणी आणायला नदीवर गेलो. पाण्याचं पिंप भरलेलंच होतं, हे मेजरसाहेबांना दिसत होतं. त्यांनी नकाशात डोकं घातलं.

खाली लुंग पान आपली लहान होडी पाण्यात ढकलत होता. लुंग म्हणजे मोठा काका. साठीचा, काटक, बोलण्याला महाग माणूस. मला त्या गावात त्याच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. त्याच्या जाळ्याची गाठ आणि आमच्या हर्णैची गाठ यांत कुठली पक्की यावर आमचा महिनाभर वाद चालला होता, तोही माझ्या बाजारातल्या मोडक्या लाओ भाषेत. त्याचा मुलगा अकरा वर्षं जंगलात होता, त्या बाजूच्या लोकांबरोबर. आजच्या मतदानात जंगलवाल्यांना परत घेण्याचं ठरलं तर तो घरी येणार होता. नाही ठरलं तर नाही. इतकं सरळ होतं ते.

सोमफेट साहेब होडीत बसले होते. मी जवळ गेलो. एक शब्द सांगायचा नाही असा हुकूम होता आणि मी हुकूम मोडणारा शिपाई नव्हे. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मनगटावरचं घड्याळ सोडलं, काटे फिरवून बरोबर दहावर आणले आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. मग दुसऱ्या हाताने राजधानीच्या दिशेला बोट दाखवलं.

ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग ते होडीतच अर्धे उठले.

"दहा? आज?"

मी आभाळाकडे पाहिलं. फार सुंदर आभाळ होतं.

"लुंग पान," त्यांनी विचारलं, "दहापर्यंत?"

लुंग पानने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "या होडीने नाही." आणि थुंकून वर देवळाकडे हनुवटी केली. "तिने होईल."

तिने म्हणजे शर्यतीच्या होडीने. तिकडे नदीकाठच्या प्रत्येक गावाची एक शर्यतीची होडी असते. अख्ख्या झाडाच्या बुंध्यातून कोरलेली, चाळीस माणसांची, पुढे नागाचं तोंड. वर्षभर ती देवळाच्या आवारात छपराखाली झोपलेली असते. पावसाळा सरला, भिक्षूंचा वर्षावास संपला की एक दिवस पाण्यात उतरते, बाकी कधी नाही. होडीत एक बाई राहते असं ते मानतात. दिसत नाही, पण रागावली की होडी उलटते. माझी आई नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात जाऊ द्यायची नाही, तेव्हा मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

देवळात म्हातारे भंते अंगण झाडत होते. सोमफेट साहेबांनी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून सगळं सांगितलं. भंत्यांनी झाडणं थांबवलं नाही. आवाराचं ते टोक गाठलं, वळले आणि मग म्हणाले, "ढोल वाजणार नाही. ढोल सणाचा आहे. आणि या होडीत बसून कोणी जात नाही. जो चढेल तो वल्हवील. ती साहेबांना वाहून नेत नाही."

सोमफेट साहेबांनी कोट काढला, टाय काढली आणि दोन्ही फणसाच्या फांदीवर टांगली.

भंते मग लुंग पानकडे वळले. "सुकाणूवर कोण?"

"मी."

"तू?" भंत्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. "पान, नक्की ना?"

"नक्की."

मला त्या विचारण्याचं नवल वाटलं. जिल्ह्यात त्याच्यासारखा सुकाणू धरणारा नव्हता.

मग जे झालं ते बघायला हवं होतं! दहा मिनिटांत गाव धावत आलं. चाळीस जागा, पण गावातले अर्धेअधिक तरणे या नाही तर त्या फौजेत. तेव्हा दात पडलेले आजोबा आले, कंबर धरून चालणारे आले, एकजण जेवता जेवता भाताचा गोळा हातात घेऊन आला. होडीच्या बाईला फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. बायका काठावरून "हळू, हळू" म्हणत होत्या आणि कोणी हळू काही करत नव्हतं.

"तांडेल!"

माझी पाचावर धारण बसली. दामले मेजर उतारावर उभे होते, आणि त्यांच्या मागे कॅनडा आणि पोलंड.

"सण नसताना शर्यतीची होडी पाण्यात का उतरते आहे, याचं आयोगाने निरीक्षण करायला हवं," ते गंभीरपणे म्हणाले. "तू जा."

"होडीतून, साहेब?"

"मग काय काठाकाठाने पळणार आहेस? आणि ऐक. वल्ह्याला हात लावायचा नाही. आयोग तटस्थ आहे."

निरीक्षणाला नाही कोण म्हणणार? दोन्ही परदेशी साहेबांनी माना हलवल्या. त्यांची पाठ वळली तेव्हा दामले साहेब मराठीत पुटपुटले, "घड्याळ नीट लावून घे, गाढवा. पाच मिनिटं मागे आहे."

तर आता माझी पंचाईत. मेजर म्हणतात वल्हं धरायचं नाही, भंते म्हणतात वल्हवल्याशिवाय चढायचं नाही. लुंग पानने सोडवणूक केली. पाणी उपसायची नारळाची करवंटी माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, "उपस." पाणी उपसणं म्हणजे वल्हवणं नव्हे. लष्कराच्या कुठल्याही कलमात तसं लिहिलेलं नाही. मी त्याच्या पायाशी, होडीच्या मागच्या टोकाला बसलो.

सात पस्तीसला आम्ही सुटलो.

मी समुद्रावर वाढलो, पण असली चाल जन्मात पाहिली नव्हती. चाळीस वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. प्रत्येक झटक्याला होडी अंगाखालून पळून जातेय असं वाटायचं. नदी पुराची, लाल, या काठावरून तो काठ धुक्यात. बाजूने बांबूची बेटंच्या बेटं उपटून वाहत चाललेली. काठावरची माणसं कामं टाकून उभी राहत होती, म्हशी माना वर करत होत्या. मी उपसत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मग मी ओरडलोच, मराठीत, "हैया रे हैया!" कोणाला कळलं नाही आणि सगळे हसले.

ढोल कापडात गुंडाळून ठेवलेला, म्हणून ताल गाण्याचा. या होडीत आणखी एक रीत आहे. एकदा वल्हं हातात आलं की मानपान संपले. कोणी कोणाच्या नावाने काहीही गावं, राग धरायचा नाही. सोमफेट साहेबांचं वल्हं एकसारखं पुढच्याच्या वल्ह्याला आपटत होतं. पुढच्या टोकाला बुनमी नावाचा लग्नाला महिनाही न झालेला गडी होता, गळ्याने पक्का. त्याने सुरुवात केली.

"आला रे आला, साहेब आला!"

"हुय!" चाळीस गळे.

"पूल बुडाला तेव्हा गाव दिसला!"

"हुय! हुय!"

"मतं घेऊन गेला, परत नाही आला!"

"हुय!"

"आता वल्हं मारतो, पाणी उडवतो आजोबाला!"

हसण्याने होडी हलली. साहेबांच्या पुढचा आजोबा खरंच डोक्यापासून ओला झाला होता. साहेबांना धाप लागली होती, तळहात सोलवटले होते. पण गडी खाली मान घालणारा नव्हता. चार झटके गेले आणि त्यांचा फाटका आवाज आला,

"सायकल केली, पंक्चर काढलं!"

"हुय!"

"देश सुटला, वल्हं नाही धरलं!"

"हुय! हुय! हुय!"

आजोबाने मागे वळून त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यानंतर साहेबांचं वल्हं तालावर आलं. चाळीसजण खूश होते. मी मात्र लुंग पानच्या पायाशी होतो, म्हणून मला दिसलं. तो हसला नव्हता. सुरुवातीपासून तो त्या माणसाशी एक शब्द बोलला नव्हता.

पावणेनऊला नदी एका काळ्या खडकाळ टेकडीला वळसा घालते तिथं आलो. मी हिशेब करून लुंग पानला म्हटलं, "साडेनऊला पोचू. झकास!" त्याने नजर टेकडीकडे वळवली. पुढे गाणं बंद पडलं. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं, आपणहून पडलं. फक्त वल्ह्यांचा आवाज. सोमफेट साहेबांची पाठ माझ्यासमोर होती, ती एकदम ताठ झाली. मला वाटलं, भोवऱ्यांना भ्यायले.

भोवरे होतेच. लुंग पान होडी दोन भोवऱ्यांच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी काढत होता. पण पाण्याखालून एक अख्खं झाड येत होतं, ते कोणालाच दिसलं नाही. ते होडीच्या पुढच्या अंगाला धडकलं. होडी कण्हली, उजवीकडे झुकली, सरळ झाली, आणि पुढच्या टोकाला बुनमी नव्हता.

वल्ही हवेत थांबली. प्रवाह आम्हाला पुढे नेतच होता. बुनमीचं डोकं मागे एकदा दिसलं, एक हात दिसला.

शर्यतीची होडी म्हणजे काही पडाव नव्हे की थांबवली आणि वळवली. वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट लांब, पुराच्या पाण्यात तिला आडवी करायची म्हणजे उलटायचा धोका, आणि काठाच्या संथ पाण्यात नेऊन फिरवून आणायची म्हणजे वीस मिनिटं. दहा वाजता मतदान. हे सगळं प्रत्येकाला माहीत होतं.

आणि तेव्हा एक अजब गोष्ट झाली. अशा वेळी माणसं सुकाणूवाल्याकडे बघतात. हर्णैला काय, मेकाँगवर काय, दर्यावर्दीची रीत एकच. पण उरलेल्या अडतीस माणसांतल्या एकानेही लुंग पानकडे पाहिलं नाही. सगळे वळले ते सोमफेट साहेबांकडे. लुंग पानसुद्धा. सुकाणूवर दोन्ही हात, जबडा आवळलेला, आणि नजर त्या माणसाच्या पाठीवर.

सोमफेट उठून उभे राहिले. शर्यतीच्या होडीत उभं राहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. होडी डगमगली, कोणीतरी किंचाळलं. ते मागे वळले. तो चेहरा मी विसरणार नाही.

"वळवा!" ते ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "वळवा! थांबवा! लुंग पान, वळव! खड्ड्यात गेलं मत!"

लुंग पानने अंगाचं वजन सुकाणूवर टाकलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. होडी काठाच्या संथ पाण्यात शिरली, फिरली, प्रवाहाविरुद्ध एकेक हात चढू लागली. बुनमी त्याच झाडाच्या फांदीला लटकला होता आणि झाड भोवऱ्यात गोल फिरत होतं. होडी तिथं नेता येत नव्हती. मी नांगराचा दोर कमरेला बांधला. मेजरसाहेबांनी वल्ह्याला हात लावू नको म्हटलं होतं, पाण्याचं काही बोलले नव्हते.

खाडीचं पाणी माणसाला ढकलतं. ते पाणी खाली ओढत होतं. दोनदा गेलो खाली, दोनदा वर आलो. तिसऱ्यांदा हाताला केस लागले. केस तर केस! मी मुठीत धरले आणि वरच्यांनी दोर ओढला. बुनमी मला शिव्या देत होता. शिव्या देणारा माणूस जिवंत असतो, म्हणून मला त्या फार गोड वाटल्या.

दोघांना आत ओढलं तेव्हा सोमफेट साहेबांनी बुनमीचं मनगट धरलं आणि सोडेनात. पुन्हा पुन्हा विचारत होते, "आहेस ना? आहेस ना तू?"

त्या दिवशी पहिल्यांदाच लुंग पान त्यांच्याशी बोलला.

"बसा खाली. वल्हं घ्या."

सव्वानऊ झाले होते. पुढचा पाऊण तास कोणी गायलं नाही, पण असं वल्हवलं की आजोबांच्या तोंडाला फेस आला. मी नियम मोडला का? बुनमी तळाशी आडवा पडला होता, त्याची जागा रिकामी होती आणि त्याचं वल्हं पायाशी पडलं होतं. आयोगाने माफ करावं.

शेवटच्या वळणावरून राजधानीचे कळस दिसले. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं.

"दहा वाजून गेले," मी म्हटलं.

साहेबांनी वल्हं मांडीवर ठेवलं. रडले नाहीत, पण रडले असते तर बरं वाटलं असतं. "नावं पुकारतात एकेक," ते म्हणाले. "एकोणचाळीस नावं. पाव तासात संपतं."

"सभा भरते कुठे?" लुंग पानने विचारलं.

"नदीकाठच्या रस्त्यावर. पण धक्का अजून लांब आहे. नाही पोचणार आपण."

लुंग पानने क्षणभर विचार केला. मग पुढच्याला ओरडून म्हणाला, "ढोल उघड!"

"भंते?" ढोलवाला घाबरला.

"भंत्यांना मी सांगीन. आपण पोचत नाही ना? मग त्यांनाच बाहेर काढू. शर्यतीचा ढोल ऐकून घरात बसलेला लाओ माणूस मी अजून पाहिला नाही. मंत्री का असेना!"

आणि ढोल सुरू झाला! धाड धाड धाड, शर्यतीच्या अखेरच्या टप्प्याचा ठेका, त्यावर चाळीस गळ्यांचं "हुय! हुय!" नदीवरून आवाज कसा जातो ते ज्याला माहीत आहे त्याला कळेल. आधी काठावरच्या चहाच्या टपऱ्या रिकाम्या झाल्या. मग बाजार. बायका टोपल्या घेऊन धावत आल्या, पोलीस आले, भिक्षू आले. भर पावसाळ्यात शर्यत! कोणाची होडी? दुसरी कुठे आहे? आणि मग त्या पांढऱ्या इमारतीच्या दारातून, एक, दोन, पाच, दहा, पांढरे कोट बाहेर पडले. सभासद! मी डोळ्यांनी पाहिलं. मागून एक कारकून हात जोडून त्यांना परत बोलावत होता आणि ते रस्ता ओलांडून कठड्याला लोंबकळत होते.

सगळ्यात पुढे एक जाडजूड गृहस्थ होते, रुमाल हलवत ओरडत होते, "कुठलं गाव? कुठलं गाव?" ते विरोधकांचे म्होरके, वेळ बदलून घेतली ती त्यांनीच, हे मला मागून कळलं.

"बान साय!" आम्ही ओरडलो.

"शाब्बास बान साय!" असं म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या, आणि पिटता पिटता त्यांची नजर चिखलाने माखलेल्या, शर्ट फाटलेल्या एका वल्हेकऱ्यावर गेली. टाळी अर्ध्यावर राहिली. तो चेहरा बघायला मी पुन्हा एकदा मेकाँगमध्ये उडी मारीन.

नावांची पुकारणी एकविसाव्या नावावर तुटली होती. निम्म्याहून जास्त सभासद रस्त्यावर, म्हणजे गणसंख्या गेली. अध्यक्ष स्वतःही खिडकीत उभे होते म्हणतात. पुकारणी पहिल्यापासून घ्यावी लागली. सोमफेट साहेब अनवाणी पायांनी पायऱ्या चढून गेले, हातांतून रक्त ठिबकत. बारा मिनिटांनी आतून जो गलका झाला, तो ऐकून आमच्या दात नसलेल्या आजोबांनी मला मिठी मारून गालाचा मुका घेतला. सव्वीस!

होडीवाले नाचत होते. लुंग पान एकटा पायरीवर बसून तंबाखूची पानं चुरत होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"पोरगा घरी येणार आता!" मी म्हटलं.

"हं."

मला गप्प बसवेना. "एक विचारू? बुनमी पडला तेव्हा सगळे साहेबांकडे का बघत होते?"

त्याने तंबाखू पानात भरली, वळली, पेटवली.

"फ्रेंच परत आले त्या साली याला मीच पळवून नेला. त्या काळ्या टेकडीच्या वळणावरूनच पलीकडे. मी होतो आणि माझा थोरला होता. वरून विमान गोळ्या घालत होतं. थोरला पडला पाण्यात. गोळी नव्हती लागली, नुसता पडला. हाका मारत होता. हा खाली वाकून बसला होता, तो ओरडला, 'थांबू नका! थांबू नका!' आणि मी थांबलो नाही."

त्याने राख झटकली.

"धाकट्याने तेव्हा घर सोडलं. म्हणाला, असल्या साहेबांसाठी भाऊ घालवला तुम्ही."

"आणि तरी आज तुम्ही याला..."

"म्हटलं, बघू," लुंग पान म्हणाला, "या वेळी काय ओरडतो."

"आणि 'थांबू नका' म्हणाला असता तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सुकाणू माझ्या हातात होतं," तो म्हणाला आणि धूर सोडला.

दामले मेजरांनी अहवालात दोन ओळी लिहिल्या: 'नदीत बिनमोसमी शर्यत झाली. स्पर्धक एकच. शांततेचा भंग नाही. निरीक्षक भिजला.' कॅनडा आणि पोलंड, दोघांनीही सही केली.

ते सरकार आठ महिने टिकलं. मग पडलं, सोमफेट साहेबांना तुरुंगात टाकलं, आणि त्या देशात पुढे जी लढाई पेटली ती सगळ्या जगाला माहीत आहे. लोक मला म्हणतात, मग काय उपयोग झाला तुमच्या त्या होडीचा? मला त्यांचा रागच येतो. कारण थंडीत, जंगलातले लोक परत येऊ लागले तेव्हा, मी लुंग पानच्या घरी होतो.

धाकटा आला. बाविशीत गेलेला, तेहतिशीत आलेला, गालावर जखमेचा वण. आई त्याला हात लावायलाही घाबरत होती. त्याने पायऱ्या चढून बापाकडे पाहिलं आणि नमस्कार न करता, बसायच्याही आधी, पहिला प्रश्न केला.

"तुम्ही त्याला पुन्हा नेलात, असं ऐकलं."

"नेला."

"त्याच वळणावरून?"

"त्याच. बुनमी पडला तिथं."

"मग?"

"थांबवली त्याने होडी," लुंग पान म्हणाला.

धाकट्याने खांद्यावरचं गाठोडं उंबऱ्यातच उतरवलं. मग आत येऊन आईजवळ बसला आणि त्याने भाताची टोपली पुढे ओढली.